पेपर सुटल्यावर तायडे सर

तायडे सर वर्गात कोणालाच नावानं हाक मारत नसत. आडनावानं मारत. एका वर्गात एकाच आडनावाचे तिघं असले तर जागेवरून ओळखत. मी खिडकीतली राऊत होते. पंख्याखाली बसणारा तो पंख्याचा राऊत. त्यांची स्वतःची मुलगी संघमित्रा आमच्याच वर्गात होती. तिलाही ते ‘तायडे’ म्हणत आणि ती त्यांना ‘सर’ म्हणे. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, “तायडे, सांग आता,” तेव्हा मला वाटलं, हे स्वतःशीच बोलून राहिले. मग माझ्या शेजारची मुलगी उठून उभी राहिली आणि उत्तर सांगून बसली. घरी तिला मितू म्हणत. पुढची दोन वर्षं मी तिच्याच शेजारी बसले.

मी परतवाड्याहून दहावीनंतर अकोल्याला मावशीकडे आले होते. मेडिकलला जायचं म्हणजे नीटची तयारी, नीटची तयारी म्हणजे अकोला, हे आमच्याकडे कुणाला ठरवावं लागत नाही. सगळेच येतात. सकाळी कॉलेजात हजेरीपुरतं जायचं आणि उरलेला दिवस क्लासमध्ये. क्लास तीन मजली होता. फिजिक्स दुसऱ्या मजल्यावर, तायडे सरांकडे.

सर उंच होते आणि अंगानं काटकुळे. शर्ट नेहमी फिक्या रंगाचा, अर्ध्या बाह्यांचा. एका खिशात खडू, दुसऱ्यात फुटाणे. शिकवता शिकवता हात खिशात जायचा आणि दोनचार फुटाणे तोंडात पडायचे. कधी खिसा चुकायचा. खडूचा तुकडा तोंडात गेला की ते थांबत, तो काढून बघत आणि फळ्यावर पुढची ओळ त्यानंच लिहीत. वर्ग हसायचा. ते हसण्याची वाट बघत आणि हसणं संपलं की विचारत, “झालं? आता हा बाण खाली काहून काढला, ते सांगा.”

‘काहून’, म्हणजे ‘का’, हा त्यांचा शब्द. क्लासमधले बाकीचे सर शिकवताना हिंदी-इंग्रजीत शिरत. तायडे सर बाळापूरच्या बाजूचे, ते वऱ्हाडीतच शिकवत. पुस्तकातली व्याख्या आधी इंग्रजीत वाचून दाखवत आणि मग म्हणत, “आता आपल्या भाषेत.” काहून, कसं, कुठून, किती. उत्तर सांगणारं पोर उभं असेपर्यंत प्रश्न थांबत नसत. बरोबर उत्तर दिलं म्हणून सुटका होईल, अशी आशा कुणी ठेवत नसे.

जूनमधली एक दमट दुपार मला आठवते. वर्गात दोन मोठे कूलर होते. मेमध्ये ते लावले की अंगावर काटा यायचा. त्या दिवशी ते घरघरत होते आणि आम्ही घामानं चिंब होतो. हिवरखेडचा अंकुश म्हणाला, “सर, कूलर बिघडला.”

सरांनी खडू खाली ठेवला. “पंखा फिरून राहिला?”

“हो.”

“पानी हाय?”

अंकुश उठून टाकी बघून आला. “हाय.”

“मंग बिघडलं काय? मे महिन्यात हाच कूलर, हेच पानी. तवा थंड लागे. आज काहून लागत नाही?”

कुणी म्हणालं गवताच्या टाट्या जुन्या झाल्या, कुणी म्हणालं पाणीच गरम आहे. सरांनी प्रत्येकाला ‘काहून’ विचारून खाली बसवलं. तास निम्मा गेला. संचालक बाहेरून जाताना दारात थांबले, कारण वर्ग चालू होता आणि फळा कोरा होता. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. शेवटी अंकुश पुन्हा उभा राहिला आणि जरा लाजत म्हणाला, “सर, पावसाळ्यात आमच्या घरी कपडे वाळत नाहीत. तसं काही हाय काय हे?”

सर टेबलाला वळसा घालून त्याच्या बाकापर्यंत गेले, खिशातले सगळे फुटाणे काढून त्याच्या ओंजळीत टाकले. तोच बाष्पीभवनाचा तास झाला. अंकुशनं ते फुटाणे खाल्ले नाहीत, रुमालात बांधून खोलीवर नेले, हे आम्हाला नंतर कळलं.

पण सरांचा खरा वर्ग भरायचा तो रविवारी, टेस्ट सुटल्यावर. क्लासच्या मागं मोकळी जागा होती, तिथं एक कडुलिंब होता आणि त्याखाली सरांची स्कूटर. टेस्टचा कागद हातात घेऊन आम्ही खाली उतरायचो तेव्हा सर स्कूटरच्या सीटवर आडवे बसलेले असत. पोरं-पोरी त्यांच्याभोवती गोळा होत आणि उत्तरं जुळवायला सुरुवात होई. तुझं काय आलं, माझं बी आलं, अरे सी आहे ते, शपथ सी आहे. टेस्टपेक्षा त्या गलक्याची मला जास्त धास्ती वाटायची. पेपर लिहिताना माणसाला काही कळत नसतं. कळतं ते इथं. शेजारची मुलगी सहज एक अक्षर उच्चारते आणि आपण आपला कागद पुन्हा उलटून बघतो.

सर कधीही आधी उत्तर सांगत नसत. हात वर करायला लावत. ए कोणाचं, बी कोणाचं. मग एकेका गटातल्या एकाला बोलायला लावत. “उत्तर नको सांगू. कसं आलं ते सांग.” एकदा अंकुशचं उत्तर बरोबर आलं होतं. त्यानं ते कसं काढलं ते सांगितलं. दोन ठिकाणी चुकला होता आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या होत्या. सर म्हणाले, “उत्तर बरोबर हाय बाप्पा. तू चूक हायस.” अंकुश म्हणाला, “पण सर, मार्क तं भेटन ना?” सर म्हणाले, “भेटन. त्याचंच वाईट वाटून राहिलं मले.”

मितू त्या घोळक्यात उभी असायची, पण कडेला. तिचं बहुतेक बरोबर असे. सरांची नजर फिरत तिच्यापर्यंत आली की ते म्हणत, “तायडे, तुझं?” ती सांगे, कसं आलं तेही सांगे. तिचं चुकलं तर सर तिला इतरांपेक्षा दोन प्रश्न जास्त विचारत. मला ते तेव्हा योग्यच वाटे, कारण ती सरांची मुलगी होती. तिनं कधी तक्रार केली नाही. एकदा डबा खाताना तिनं मला सांगितलं, “घरी बी असंच असते. आईनं तव्यावर पोळी टाकली की बाबा विचारतात, फुगली काहून? लहानपनी मले लय मजा वाटे. मी उत्तर शोधून ठेवायची अन बाबा कामावरून यायची वाट पाह्यची.”

“आणि आता?”

“आता बी देते ना उत्तर,” ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यांचं घर डाबकी रोडला होतं. मी दोनचारदा गेले होते. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे काचेच्या वाडग्यात पाण्यावर चाफ्याची फुलं. मितूची आई रेखाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. घर शांत होतं. सर घरात फिकट निळी लुंगी नेसून बसत आणि वर्गात दिसत त्यापेक्षा लहान दिसत.

बारावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, संचालकांनी जाहिरातीचा मोठा फ्लेक्स करायला घेतला. त्यावर त्यांना मितू हवी होती. पांढरा एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, शेजारी सर. सरांचीच मुलगी सरांच्याच क्लासमधून डॉक्टर होणार, याहून चांगली जाहिरात कुठली? आम्ही ऑफिसच्या बाहेर फी-पावतीसाठी उभे होतो, त्यामुळे बोलणं ऐकू आलं.

सर म्हणाले, “साहेब, अजून पेपर छापला नाही अन तुमी डॉक्टर छापून राहिले?”

संचालक हसले. “सर, ती होणारच आहे. तुम्हाला शंका आहे का?”

सर ‘नाही’ही म्हणाले नाहीत आणि ‘हो’ही म्हणाले नाहीत. आठवड्याभरात फ्लेक्स लागला. मितूचा एक जुना फोटो कुठून तरी मिळवला होता आणि त्याला खालून एप्रन जोडला होता. एप्रन जरा मोठा होता. सर रोज त्याच्याखालून आत जात आणि वर बघत नसत. मितू मागच्या गेटनं येऊ लागली. मी तिच्याबरोबर मागच्या गेटनं जायची. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

परीक्षा मे महिन्यात झाली. आमचं केंद्र गावाबाहेरच्या एका शाळेत होतं. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आईबाप ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन झाडांखाली बसले होते. सर गेटजवळ उभे होते. क्लासचा जो कुणी दिसेल त्याला पाण्याची बाटली पुढं करत आणि म्हणत, “पी. घसा कोरडा घेऊन जाऊ नको.” मितूला म्हणाले, “तायडे, हॉल तिकीट?” तिनं दाखवलं. त्यांनी मान हलवली. ती आत गेली तेव्हा मी तिच्या मागंच होते. तिनं वळून पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. तपासणीच्या रांगेत कोण वळून बघतं.

पेपर सुटला तेव्हाही ऊन तसंच होतं. प्रश्नपत्रिका बाहेर नेता येते, त्यामुळे गेटबाहेर येता येताच सगळ्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. प्रत्येकाचा प्रश्नांचा क्रम वेगळा. तुझा तो लिफ्टवाला कितवा आहे, थांब, माझा मागच्या पानावर आहे, असं चालू झालं. रस्त्याच्या पलीकडं सर स्कूटरवर बसले होते. आम्ही तिकडे गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. दोन वर्षांची सवय होती.

मला त्या दिवशी काहीच वाटत नव्हतं, हे मला नीट आठवतं. भीतीही नव्हती. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. लोक अक्षरं उच्चारत होते आणि ती माझ्यापर्यंत येऊन पडत होती.

लिफ्टचा प्रश्न अंकुशनं काढला. एक माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर चालली आहे, पण तिचा वेग कमी होतो आहे. काटा काय दाखवील?

“सर, लिफ्ट वर चालली म्हंजे जास्तच दाखवीन ना?” अंकुश म्हणाला.

“कोणाचं जास्त?” सरांनी विचारलं. बरेच हात वर झाले. माझाही झाला. “कमी कोणाचं?” तीनचार हात. सरांची नजर फिरत कडेला गेली. मितूचा हात दोन्ही वेळा खालीच होता.

“तायडे, तुझं?”

मितू म्हणाली, “मी नाही सोडवला, सर.”

“सुटला नाही का राहून गेला?”

“फिजिक्सच नाही सोडवलं.”

एकदोघं हसले, कारण पेपर सुटल्यावर सगळेच असं म्हणतात. माझं फिजिक्स गेलं, माझं काहीच झालं नाही. सर हसले नाहीत. त्यांना तिचा आवाज ओळखू आला असावा.

“किती राह्यले?”

“सगळे,” मितू म्हणाली. “बायो केलं. केमिस्ट्री केली. फिजिक्सचा एकही गोल काळा नाही केला.”

रस्त्यावरून ऑटो जात होते. कुणाची तरी आई लांबून “चाल ना बाई, ऊन लागून राहिलं” म्हणत होती. सर मितूकडे बघत होते. त्यांचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

“बरं,” ते म्हणाले.

मग त्यांनी अंकुशकडे मान वळवली. “लिफ्ट मंदावून राहिली. कमी दाखवीन. पुढचा सांग.”

अंकुशनं पुढचा सांगितला. सर म्हणाले, “बी.” त्याच्या पुढचा. “डी.” कुणी हात वर केले नाहीत आणि त्यांनी करायला सांगितले नाहीत. प्रश्न वाचला जाई आणि सर अक्षर सांगत. प्रिझमचा, “ए.” रोधांचा, “सी.” दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कसं आलं ते विचारलं नाही. आवाज रोजचाच होता. आम्हीही थांबलो नाही. थांबायला हवं होतं की नाही, ते कुणाला कळत नव्हतं, आणि थांबून करणार काय? अंकुश एकामागून एक प्रश्न वाचत राहिला, सर उत्तर देत राहिले, आणि आम्ही पेननं खुणा करत राहिलो. मितू तिथंच उभी होती. शेवटचा प्रश्न संपला तेव्हा सर म्हणाले, “जा आता घरी. जेवून घ्या.” मग स्कूटर सुरू केली. मितू मागं बसली. तिनं दुपट्टा तोंडाला बांधला होता, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही.

घरी गेल्यावर सरांनी रेखाताईंना एवढंच सांगितलं, “पेपर झाला. तिले झोपू दे.” हे मला रेखाताईंनी सांगितलं, पंधरवड्यानं मी भेटायला गेले तेव्हा. मितू तेव्हाही झोपलेलीच होती. मी आल्याचं ऐकून उठून बसली. केस विंचरलेले नव्हते. ती आपणहूनच म्हणाली, “मी मुद्दाम नाही केलं. सगळे समजतात मुद्दाम केलं.”

“मग काय झालं?”

“पहिला प्रश्न वाचायला घेतला. तो बाबांच्या आवाजात ऐकू आला. मंग दुसरा. तो बी. मी थांबली. म्हटलं, आवाज जाऊ दे, मंग वाचू. तो गेला, अन त्याच्यासोबत वाचनंच गेलं. अक्षरं ओळखीची होती, पन त्यायचा अर्थ लागेना.”

“रडू आलं?”

“नाही ना. काहीच नाही आलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत बसली. सरबत पिल्यावानी शांत वाटलं.” मग ती म्हणाली, “बाबांनी मले अजून एकदा बी विचारलं नाही, काहून.”

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं की दिलासा म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

निकाल लागला. माझा नंबर मेडिकलला लागला नाही, अमरावतीला फिजिओथेरपीला लागला. अंकुशचाही कुठं लागला नाही. तो हिवरखेडला परत गेला आणि आता त्याचं औषधाचं दुकान आहे. क्लासवरचा फ्लेक्स एका रात्रीत निघाला. संचालक सरांना काय बोलले ते मला माहीत नाही, पण बाहेर लोक काय बोलत ते सगळ्यांना माहीत होतं. स्वतःच्या पोरीले शिकवता आलं नाही. पोरीनं बापावर सूड घेतला. घरात काहीतरी असेल. काही पालकांनी पोरं काढून दुसऱ्या क्लासला घातली.

नव्या वर्षाची ओळख-व्याख्यानं सुरू झाली तेव्हा मी दाखले न्यायला क्लासमध्ये गेले होते. हॉल पालकांनी भरला होता. मी दारात उभी राहिले. सर स्टेजवर होते, फळ्यावर आकृती काढत होते. एक गृहस्थ उठून उभे राहिले. कपडे चांगले होते, आवाजही चांगला होता.

“सर, राग मानू नका. तुमची मुलगी यंदा नीटला होती ना? कुठं लागली?”

“घरी हाय,” सर म्हणाले.

“किती आले तिला?”

“फिजिक्समधे शून्य.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. संचालक पुढच्या रांगेतून उठू लागले. सरांनी त्यांना हातानंच बसा म्हणून सांगितलं. “बाकीच्या दोन विषयात चांगले हायत,” ते त्या गृहस्थांना म्हणाले, “पन ते दुसऱ्या सरायनं शिकवले.” मग फळ्याकडे वळले आणि आकृती पुरी केली. त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नाही आणि कीव यावी म्हणूनही नाही. तापमान सांगावं तसं सांगितलं. त्या गृहस्थांनी आपल्या मुलाला त्याच क्लासमध्ये घातलं, असं मी नंतर ऐकलं. का घातलं ते त्यांनाच माहीत.

सर शिकवत राहिले. पण त्या वर्षापासून रविवारी टेस्ट सुटली की ते सरळ स्कूटर काढून घरी जात. पोरं कडुलिंबाखाली आपली आपण उत्तरं जुळवत.

मी अमरावतीला रुळले. कॉलेजला जोडून रुग्णालय होतं. एका बुधवारी बाह्यरुग्ण विभागाच्या पॅसेजमधून जाताना बाकावर सर बसलेले दिसले. मांडीवर कापडी पिशवी, हातात नंबरची चिठ्ठी. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी ओळखलं आणि बाजूला सरकून जागा करून दिली. समोरच्या बंद दारावर मानसोपचाराच्या डॉक्टरांची पाटी होती.

“मितू आत हाय,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून तिचं घरचं नाव प्रथमच ऐकलं. “दर बुधवारी आनतो. सकाळच्या गाडीनं येतो, दुपारच्या गाडीनं जातो.”

“बरी आहे का आता?”

“जेवते. आईसोबत बोलते. काल टीव्हीवर कायलेतरी हासली.” त्यांनी दाराकडं पाहिलं. “डॉक्टर मले म्हने, तुमी तिले काही विचारू नका. तिले वाटन तवा ती सांगीन. मी म्हटलं बरं. पन राऊत, मले विचारनंच येते. दुसरं काय येते मले? तिच्यासोबत गाडीत बसतो तं तोंड उघडलं की प्रश्नच येते. म्हनून मी बोलतच नाही. बडनेऱ्यापर्यंत दोघं खिडकीबाहेर पाहत येतो.”

त्यांचे डोळे कोरडे होते, आवाजही सपाट होता. आयुष्यभर ज्यावर पोट भरलं, तीच गोष्ट घराबाहेर ठेवून यायला सांगितलेला माणूस माझ्याशेजारी बसला होता, आणि तो तसं करत होता.

दार उघडलं. मितू बाहेर आली. थोडी जाड झाली होती. मला बघून जरा हसली. सर उठले, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, “भूक लागली?” मग लगेच माझ्याकडे बघून म्हणाले, “हा बी प्रश्नच झाला ना?”

मितू म्हणाली, “लागली.”

ते दोघं पॅसेजमधून चालत गेले. सर तिच्या एक पाऊल मागं चालत होते.

मितूचं बुधवारचं येणं वर्षभर चाललं. नंतर ती अमरावतीलाच राहिली, वसतिगृहात, आणि तिनं आयटीआयला जमीनमोजणीचा अभ्यासक्रम घेतला. सगळ्यांना नवल वाटलं. तिला विचारलं तर म्हणाली, “बाहेर राहायला भेटते.” रेखाताईंना काळजी वाटली, पोरगी उन्हातान्हात शेतं तुडवणार म्हणून. सर प्रवेशाच्या दिवशी बरोबर गेले आणि परत आले. पुढं तिनं सरकारी भरतीची परीक्षा दिली. त्या परीक्षेला ती एकटी गेली होती, तेही तिला हवं होतं म्हणून. ती मोजणी खात्यात लागली. मग माझं लग्न झालं, तिची बदली झाली, आणि आमचं भेटणं फोनवर, सणासुदीला उरलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासरच्या शेताची मोजणी निघाली. शेत बाळापूर तालुक्यात आहे. दोन दिरांच्या वाटण्या व्हायच्या होत्या, म्हणून मोजणीच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं होतं. मी अमरावतीहून सकाळीच निघाले. पोचले तेव्हा बांधावर तिपाईवर यंत्र उभं होतं आणि त्याच्या मागं टोपी घातलेली, तोंडाला रुमाल बांधलेली एक बाई उभी होती. दीर तिला ‘मॅडम, मॅडम’ करत होते. मला बघून तिनं रुमाल खाली केला. मितू होती.

“तू इथं कुठी?” ती म्हणाली.

“हे माझं सासर.”

ती मोकळी हसली. मग लगेच यंत्राकडं वळली. “थांब हं. एवढं होऊ दे. माझ्या हाताखालचा मानूस आज आला नाही, त्याच्या घरी लगीन हाय. बाबा आले काठी धरायले.”

मी तिनं दाखवलं तिकडं पाहिलं. शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, हरभऱ्याच्या हिरव्यात, एक उंच, काटकुळा माणूस काठी धरून उभा होता. काठीच्या टोकाला काच बसवलेली होती, ती उन्हात चमकत होती. मी पाण्याची बाटली घेऊन बांधाबांधानं तिकडं गेले. बरंच चालावं लागलं.

सरांचे केस पांढरे झाले होते. डोक्याला गमछा बांधला होता. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “राऊत.”

“हो सर. पाणी आणलं.”

“ठेव तिथं. हात सोडता येत नाही.” काठीला मध्यभागी एक छोटी गोल नळी होती, तिच्यात पाण्याचा बुडबुडा. ते त्याच्याकडं बघत होते. “हा मधात रायला पाह्यजे. नाही तं तिचं माप चुकते.”

“क्लास, सर?”

“सोडला. दोन वर्षं झाली.”

“बरं वाटतं का घरी?”

ते काही सांगणार होते. तेवढ्यात लांबून मितूचा आवाज आला, मोकळ्या शेतात अगदी स्वच्छ ऐकू येणारा. “बाबा, बोलू नका ना! काठी हालून राहिली!”

सरांनी तोंड मिटलं. दोन्ही हातांनी काठी धरली आणि नजर बुडबुड्यावर ठेवली. त्यांच्या मनगटावर एक माशी बसली होती, ती त्यांनी उडवली नाही. मी बाटली ढेकळावर ठेवून बाजूला झाले. बराच वेळ कुणी हललं नाही.

मग मितूनं यंत्राच्या मागून हात वर केला आणि उजवीकडं, नाल्याच्या बाजूला दाखवलं. सरांनी काठी उचलून खांद्यावर घेतली आणि तिच्या हाताकडं बघत, ढेकळांतून पाय सांभाळत, ते तिकडं चालू लागले.